छत्री की टाके? आधी भोकाचे काठ बघा

वाचकाचं पत्र

डॉक्टर, नमस्कार.

माझी मुलगी 23 वर्षांची आहे. कृषी पदवी झाली, बँकेच्या परीक्षेत निवड झाली. नोकरीवर रुजू होण्याआधीच्या वैद्यकीय तपासणीत डॉक्टरांना छातीत काहीतरी आवाज आला म्हणून इको करायला सांगितला. त्यात हृदयाला भोक निघालं. रिपोर्टवर ‘ओएस-एएसडी 22 मि.मी., उजवीकडचे कप्पे मोठे’ असं लिहिलंय. आम्हाला तर धक्काच बसला. पोरगी कॉलेजात कबड्डीच्या संघात होती. कधी आजारी नाही, काही नाही. शाळेत दरवर्षी तपासणी व्हायची, तेव्हा कोणालाच कसं कळलं नाही?

इथल्या हृदयरोगतज्ज्ञांनी सांगितलं, जांघेतून तार घालून भोक बुजवणारी छत्री बसवू, दोन दिवसांत घरी. आम्ही खूश झालो. मग कोणीतरी म्हणालं दुसरं मत घ्या, म्हणून पुण्याला गेलो. तिथले सर्जन म्हणाले, खालचा काठ नीट दिसत नाही, बहुतेक छाती उघडून टाके घालावे लागतील. आता कोणाचं खरं मानायचं? माझ्या नणंदेच्या मुलाचं भोक तो चार वर्षांचा असताना पायातूनच बंद केलं होतं, आज तो इंजिनिअर आहे. मग हिचं का नाही होणार?

हिचे वडील म्हणतात, त्रास नाही तर हात कशाला लावायचा. सासूबाई म्हणतात, स्थळं बघायला सुरुवात केलीय, छत्रीच बसवून मोकळे व्हा, छातीवर वण नको आणि कोणाला कळायलाही नको. मला भीती वाटते ती छत्री आत सटकली तर काय. पुढे मुलंबाळं होतील ना?

— एक आई, कराड

उत्तर

ताई, दोघांपैकी कोणी तुम्हाला फसवतंय असं मला पत्रावरून वाटत नाही. छातीवर यंत्र फिरवून केलेल्या इकोत जेवढं दिसलं, त्यावरून एकाने आशा धरली आणि दुसऱ्याने शंका घेतली, इतकंच. दोघांचं भांडण मिटवणारी तपासणी वेगळी आहे, आणि तुमच्या पत्रात ती झाल्याचा उल्लेख नाही. घशातून करायचा इको, ज्याला रुग्णालयात ‘टीईई’ म्हणतात, तो आधी करून घ्या. तोवर ‘छत्री की ऑपरेशन’ ही चर्चा घरात बंद ठेवलीत तरी चालेल.

हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांच्या मध्ये एक पडदा असतो. त्या पडद्याला जन्मतः भोक राहिलं की त्याला एएसडी म्हणतात. डाव्या कप्प्यात फुप्फुसातून शुद्ध होऊन आलेलं रक्त असतं. ते शरीराकडे जायचं सोडून थोडं थोडं भोकातून उजवीकडे येतं आणि पुन्हा फुप्फुसाच्या फेरीला लागतं. म्हणजे उजवी बाजू गेली 23 वर्षं जादा रक्त ढकलते आहे, म्हणून ती मोठी झाली. भोकातून वाहताना त्या रक्ताचा आवाज येत नाही. जो येतो तो पुढच्या झडपेतून जास्तीचं रक्त जाताना येतो आणि इतका हळू असतो की गजबजलेल्या वर्गात चाळीस मुलं तपासणाऱ्या डॉक्टरच्या कानांतून तो निसटणं अगदी शक्य आहे. या जातीचं भोक तिशी-चाळिशीत, कधी पहिल्या बाळंतपणात सापडणाऱ्या बायका मी नेहमी बघते. शाळेला दोष देऊ नका आणि स्वतःलाही देऊ नका.

आता त्या ‘ओएस’कडे वळू. ओएस म्हणजे ऑस्टियम सेकंडम, पडद्याच्या मधल्या भागातलं भोक. छत्री बसते ती याच जातीला. दुसरी जात खाली झडपांना चिकटून असते, तिला ऑस्टियम प्रायमम म्हणतात. तिथे छत्री उघडली तर झडपच अडकेल. तिसरी, सायनस व्हेनोसस, वर महाशिरेच्या तोंडाशी असते. हिच्यासोबत बऱ्याचदा उजव्या फुप्फुसाची एखादी शीर डाव्या कप्प्याऐवजी भलतीकडे उघडलेली असते. काही निवडक केंद्रांत तिथे आवरण असलेला स्टेंट घालून काम होतं, पण एरवी या दोन्ही जाती सर्जनच्या. म्हणून टीईई झाल्यावर पहिला प्रश्न हा विचारा: फुप्फुसाच्या चारही शिरा डाव्या कप्प्यातच येतात का? त्याचं उत्तर रिपोर्टमध्ये लिहून घ्या. टीईईत नीट दिसलं नाही तर सीटी किंवा एमआरआय करायला सांगतील. त्याला नाही म्हणू नका.

जात सेकंडमच आहे असं धरू. तरी पुढे काठांचा प्रश्न उरतो, आणि पुण्याच्या सर्जनची शंका तिथेच आहे. छत्री म्हणतो खरी, पण तिचा आकार डमरूसारखा असतो. दोन बाजूंना दोन चपट्या चकत्या आणि मध्ये कंबर. कंबर भोकात बसते, चकत्या पडद्याला दोन्हीकडून धरून ठेवतात. धरायला पडदा हवा ना? भोकाच्या भोवती साधारण 5 मि.मी. तरी काठ लागतो. महाधमनीच्या बाजूचा काठ पुष्कळ रुग्णांत नसतोच. तिथे छत्री महाधमनीला जरा कवळून बसते आणि काम निभावतं, फक्त पुढे जास्त लक्ष ठेवावं लागतं. खालचा काठ, म्हणजे पोटाकडून येणाऱ्या महाशिरेच्या बाजूचा, तो मात्र नसेल तर चकतीला टेकायला जागा नाही. अशा भोकात छत्री बसवण्याचा हट्ट धरणारा डॉक्टर मला आवडत नाही. आणि नेमका हाच काठ छातीवरून केलेल्या इकोत सगळ्यात वाईट दिसतो.

आकडेही बघा. छातीवरच्या इकोत 22 मि.मी. दिसतंय. काठ पातळ आणि लवचीक असतील तर ते ताणले जाऊन भोक थोडं मोठं भरतं. समजा 24 मि.मी. कंबरेची छत्री निवडली, तर नेहमीच्या बनावटीत तिची डावी चकती 38 मि.मी.ची असते. तेवढी चकती उघडण्याएवढा लांब पडदा मुलीच्या हृदयात हवा, आणि झडपेला वा शिरेला धक्का लागता कामा नये. हे अंतर टीईईत मोजतात. 22 हा आकडा ऐकून घाबरण्यासारखं काही नाही. 30 मि.मी.च्या पुढची भोकंही छत्रीने बंद होतात. पण काठ नसलेलं 15 मि.मी.चं होत नाही.

टीईईची भीती बाळगू नका. सहा तास उपाशी ठेवतात, घसा बधिर करतात, थोडी गुंगी देतात आणि बोटाएवढी जाड नळी अन्ननलिकेत उतरवतात. अन्ननलिका हृदयाच्या अगदी पाठीला लागून असते, त्यामुळे पडदा समोरासमोर दिसतो. नंतर दोनेक तास खायला-प्यायला द्यायचं नाही, कारण घसा बधिर असतो. घरी जाताना गाडी तिने चालवायची नाही.

नणंदेच्या मुलाचं म्हणाल, तर ‘भोक’ या एका शब्दात आपण पाच-सहा वेगळे आजार कोंबतो. चार वर्षांच्या मुलाचं पायातून बंद केलं ते बहुधा पीडीए असावं. ती हृदयाबाहेरची, दोन मोठ्या रक्तवाहिन्यांमधली नळी असते आणि ती बुजवायला काठबिठ लागत नाहीत. कॅथेटरने, म्हणजे रक्तवाहिनीतून सरकवलेल्या बारीक नळीने, बंद केलेला पहिला जन्मजात दोषही तोच: 1967 साली पूर्व बर्लिनमध्ये पोर्स्टमान यांनी केलं. काही मुलांची अरुंद झडप फुग्याने उघडतात, त्याची सुरुवात 1982ची. ज्यांची झडप लहानपणी शस्त्रक्रियेत दुरुस्त केली होती आणि आता गळते आहे, अशांना 2000 सालापासून जांघेतून नवी झडपही बसवता येते. हे सगळं ‘पायातून’ होतं, पण त्याचा तुमच्या मुलीच्या पडद्याशी काही संबंध नाही. तो इंजिनिअर झाला याचा आनंद आहे, पण हिचा निर्णय त्याच्यावरून घ्यायचा नाही.

काठ चांगले निघाले तर प्रत्यक्षात काय होतं ते सांगते, म्हणजे ‘तार घालणार’ या शब्दांचा धसका कमी होईल. कॅथलॅबमध्ये भूल देतात. उजव्या जांघेतल्या शिरेत सुईने छोटं छिद्र करून त्यातून नळी वर सरकवत हृदयाच्या उजव्या कप्प्यात आणि भोकातून डाव्या कप्प्यात नेतात. आधी आतला दाब मोजतात. मग घडी घातलेली छत्री त्या नळीतून पुढे ढकलतात. डावी चकती डाव्या कप्प्यात उघडते, ती पडद्याला टेकेपर्यंत मागे ओढतात, मग उजवी उघडतात. हे सगळं टीईई आणि क्ष-किरणांच्या पडद्यावर बघत चालतं. छत्री अजून तारेला स्क्रूने जोडलेलीच असते. डॉक्टर तिला पुढे-मागे हलवून, ओढून बघतात. झडपेला लागते का, शेजारून रक्त गळतं का, काठ दोन्ही चकत्यांच्या मध्ये आलेत का, हे पाहतात. पटलं नाही तर ती पुन्हा नळीत ओढून बाहेर काढतात. पटलं तरच स्क्रू सोडतात. म्हणून काही वेळा रुग्ण छत्रीशिवाय बाहेर येतो आणि नातेवाईक ‘फेल गेलं’ म्हणून रडतात. अहो, ते फेल नव्हे. जिथे बसत नाही तिथे न बसवणं हा त्या डॉक्टरचा शहाणपणा आहे. तुमच्यावर ती वेळ आली तर त्यांच्यावर चिडू नका, उलट विश्वास वाढवा.

नंतर काही तास पाय सरळ ठेवून झोपायचं. दुसऱ्या दिवशी इको करून बहुतेकांना घरी सोडतात. सहा महिने अ‍ॅस्पिरिन, आणि बरेच डॉक्टर सुरुवातीचे काही महिने क्लोपिडोग्रेलही देतात. या काळात छत्रीच्या जाळीवर शरीराचं स्वतःचं अस्तर चढतं. तोवर त्यावर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून या गोळ्या. ‘बरं वाटतंय’ म्हणून त्या मध्येच बंद करायच्या नाहीत.

सटकण्याची भीती खोटी नाही. शंभरात एखाद्या रुग्णात, किंवा त्याहून कमी वेळा छत्री जागा सोडते आणि ती सोडते ती बहुधा पहिल्या 24 तासांत, रुग्ण रुग्णालयात असतानाच. पुष्कळदा ती फासाच्या तारेने पकडून जांघेतूनच बाहेर काढता येते. नाही आली तर ऑपरेशन. त्यामुळे ज्या रुग्णालयात हृदयाचा सर्जन आणि त्याचं पथक त्याच इमारतीत नाही, तिथे 22 मि.मी.ची छत्री बसवून घेऊ नका. यावर मी तडजोड सुचवणार नाही. दुसरा धोका फार विरळा, हजारात एक ते तीन: चकतीची कड घासून कप्प्याच्या भिंतीला इजा होते. महाधमनीकडचा काठ नसलेल्यांत आणि मोठी छत्री बसवलेल्यांत ही शक्यता जास्त. छातीत दुखणं, दम लागणं, चक्कर येऊन पडणं यातलं काही झालं, मग छत्री बसून चार दिवस झालेले असोत की चार वर्षं, तर अ‍ॅसिडिटीची गोळी न देता थेट इको होईल अशा ठिकाणी न्यायचं.

आणि एक विचारा. जन्मजात दोषांचं हे काम डॉक्टर स्वतः नियमित करतात का? रोज चार अँजिओप्लास्ट्या करणारा हात कुशल असतो यात शंका नाही, पण हृदयाच्या धमनीतला स्टेंट आणि पडद्यातली छत्री ही वेगळी कामं आहेत. ‘तुम्ही अशा किती केल्यात?’ हा प्रश्न उद्धट नाही. चांगला डॉक्टर त्याने दुखावत नाही.

आता तिच्या वडिलांचं म्हणणं. त्रास नाही तर हात कशाला? उजवी बाजू मोठी झालेली नसती आणि भोक चार-पाच मि.मी.चं असतं, तर मीही हेच म्हटलं असतं. तसल्या भोकाला वर्षानुवर्षं नुसतं बघत राहतो. पण इथे हृदय मोठं झालंय, म्हणजे बोजा खरा आहे. कबड्डीत दमली नाही यावर जाऊ नका. जन्मापासून ज्या शरीराला जादा ओझं आहे त्याला ओझ्याशिवायचं चालणं माहीतच नसतं. भोक बंद झाल्यावर सहा महिन्यांनी ‘जिना चढताना आधी दम लागायचा हे आता कळतंय’ असं सांगणारे रुग्ण नेहमीचेच. न बंद केलेलं मोठं भोक तिशी-चाळिशीनंतर हिशोब मागतं: ठोके अनियमित होतात, पायांवर सूज येते, दम लागतो. पायाच्या शिरेतली गुठळी भोकातून डावीकडे जाऊन मेंदूत पोचली तर पक्षाघात. काहींमध्ये फुप्फुसातला दाब कायमचा चढतो, आणि तो एका मर्यादेपलीकडे गेला की भोक बंदच करता येत नाही, केलं तर जिवावर बेततं. ती वेळ सगळ्यांवर येते असं नाही, पण आली की परतीचा रस्ता नसतो.

वयाचा मुद्दाही तिच्या वडिलांना सांगा. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये 1956 ते 1960 या काळात एएसडीची शस्त्रक्रिया झालेल्या 123 रुग्णांचा मागोवा जवळपास तीस वर्षं घेतला गेला, तो 1990 साली प्रसिद्ध झाला. ज्यांचं भोक वयाच्या 24व्या वर्षापर्यंत बंद झालं, त्यांचं आयुष्य चारचौघांइतकंच लांब निघालं. पंचविशीनंतर केलेल्यांचं काहीसं कमी, एकेचाळिशीनंतर केलेल्यांचं आणखी कमी. पंचविसाव्या वाढदिवसाला दार बंद होतं असा याचा अर्थ नाही. पन्नाशीतल्या रुग्णांनाही फायदा होतो. पण तुमची मुलगी 23ची आहे, उगाच दोन-तीन वर्षं कशाला घालवायची? घाई मात्र महिन्यांची आहे, तासांची नाही. बँकेकडून रुजू व्हायला मुदत वाढवून मागा. कागदपत्रं दाखवली की सहसा मिळते.

शस्त्रक्रियेकडे घरात हार म्हणून बघितलं जातंय, ते मला खटकलं. हृदय-फुप्फुस यंत्र लावून जगात पहिलं यशस्वी ऑपरेशन झालं ते याच दोषाचं होतं. 6 मे 1953, फिलाडेल्फिया, सर्जन जॉन गिबन, रुग्ण 18 वर्षांची मुलगी. तेव्हापासून हे ऑपरेशन इतकं घोटलं गेलंय की तरुण, बाकी धडधाकट माणसात त्याचा धोका शंभरात एकापेक्षाही कमी असतो. छत्रीची कल्पनाही जुनीच. 1975 साली न्यू ऑर्लिन्समध्ये किंग आणि मिल्स यांनी पहिल्यांदा कॅथेटरने असं भोक बंद केलं, तीही 17 वर्षांची मुलगीच होती. पण तेव्हाची नळी इतकी जाड होती की पद्धत रुजली नाही. आज जिला सगळे छत्री म्हणतात ती निकेल-टायटॅनियमच्या तारेची जाळी कर्ट अ‍ॅम्प्लाट्झ यांच्या कामातून आली आणि अमेरिकेत तिला 2001च्या डिसेंबरात मान्यता मिळाली. काठ चांगले असतील तर मी डोळे झाकून छत्री सांगेन: टाके नाहीत, रक्त द्यावं लागत नाही, आठवड्यात कामावर. काठ नसतील तर तितक्याच ठामपणे शस्त्रक्रिया. तिथे पडद्याला हृदयावरणाचा तुकडा शिवतात आणि विषय संपतो.

वणाचं म्हणाल, तर छातीच्या मधोमध चीर द्यायलाच हवी असं राहिलेलं नाही. बऱ्याच केंद्रांत एएसडी उजव्या बाजूने, स्तनाखालच्या घडीत छोटी चीर घेऊन बंद करतात. सर्जनला हे विचारा. तिच्या शरीरात ते शक्य आहे की नाही ते सांगतील.

आता सासूबाईंचं. त्यांचा हेतू वाईट नाही हे मला कळतं. पण ‘कोणाला कळायला नको’ या अटीवर उपचार निवडू नका. लपवलं तर लग्नानंतर गोळ्या लपवाव्या लागतील, वर्षाच्या इकोला थापा माराव्या लागतील, आणि गरोदरपणी डॉक्टरसमोर नवऱ्याला पहिल्यांदा कळेल. ती परिस्थिती तुमच्या मुलीवर येणार आहे, आपल्यावर नाही. पत्रिकेआधी रिपोर्ट समोर ठेवा, डॉक्टरांकडून दोन ओळी लिहून घ्या: भोक बंद झालेलं आहे, दाब नॉर्मल आहे, नोकरी-संसार-बाळंतपणाला हरकत नाही. एवढ्यावर जे स्थळ मागे जाईल ते गेलेलं बरं. आणि एक विचारते, राग मानू नका. पूर्ण पत्रात सासूबाई काय म्हणतात, वडील काय म्हणतात, तुम्हाला काय वाटतं हे सगळं आलं. मुलगी काय म्हणते? ती 23 वर्षांची आहे, संमतीपत्रावर सही तिची होणार. टीईईनंतरच्या भेटीत खुर्चीवर तिला बसवा, तुम्ही मागे उभ्या राहा.

मुलंबाळं होतील. फुप्फुसातला दाब नॉर्मल असेल आणि भोक बंद झालेलं असेल तर गरोदरपण इतर बायकांसारखंच जातं. फक्त छत्री बसल्यावर निदान सहा महिने थांबा. आईला जन्मजात हृदयदोष असेल तर बाळाला तो असण्याची शक्यता शंभरात तीन ते पाचच्या आसपास असते, एरवी ती शंभरात एकाहून किंचित कमी. म्हणजे बहुतेक बाळं निरोगीच जन्मतात, पण 18 ते 22 आठवड्यांच्या दरम्यान पोटातल्या बाळाचा इको करून घ्यायचा.

खर्चाचं तुम्ही काही लिहिलं नाहीत, तरी सांगते. छत्री महाग असते. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत संलग्न असलेल्या रुग्णालयात आधी ‘आरोग्यमित्रा’ला, म्हणजे योजनेच्या तिथल्या मदतनीसाला, भेटा, शिधापत्रिका आणि आधार घेऊन. मंजुरी आधी घ्यावी लागते. पैसे भरून झाल्यावर बिल दाखवून परत मिळत नाहीत, ही चूक फार लोक करतात. ओळखीत कोणाचं मूल 18च्या आतलं असेल तर त्याच्यासाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून मदत होते. तुमची मुलगी त्या वयाच्या पुढे गेली.

जाण्याआधीच्या काही बारीक गोष्टी. दातांच्या डॉक्टरकडे आधी जाऊन किडलेले दात, हिरड्या नीट करून घ्या. छत्री बसल्यावर सहा महिने दात काढायचा वा साफ करायचा झाला तर आधी अँटिबायोटिक लागतं. खोट्या कानातल्यांनी, पट्ट्याच्या बकलने तिच्या कातडीला खाज येते का? येत असेल तर ते डॉक्टरांना सांगा, छत्रीत निकेल असतं. बहुतेकांना त्याने काही होत नाही, पण आधी कळलेलं बरं. पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल तर तेही बोला, कारण नंतरच्या गोळ्यांनी तो वाढतो. हिमोग्लोबिन कमी असेल तर आधी भरून काढू. काही आठवडे वजन उचलायचं नाही, कबड्डी निदान सहा महिने बंद. विमानतळावरच्या यंत्राने छत्री वाजत नाही. पुढे कधी एमआरआय करावा लागला तर करता येतो, फक्त छत्रीचं कार्ड दाखवायचं. एक महिना, सहा महिने, एक वर्ष आणि मग दर काही वर्षांनी इको, हे मात्र जन्मभराचं.

आणि भोक बंद होईपर्यंत एक पथ्य, जे तुम्हाला कदाचित कोणी सांगितलं नसेल. घरात लग्न, पूजा, सत्यनारायण आला की मुलींना पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या मेडिकलमधून आणून देतात. त्या तिला देऊ नका. या गोळ्यांनी काहींच्या शिरेत गुठळी होऊ शकते, आणि पडद्याला भोक असलेल्या माणसात ती गुठळी फुप्फुसाऐवजी मेंदूकडे जाऊ शकते. कोणत्याही कारणाने हॉर्मोनची गोळी घ्यायची झाली तर आधी हृदयरोगतज्ज्ञांना विचारा.

टीईईचा रिपोर्ट आला की त्यातले काठांचे आकडे आणि फुप्फुसातला दाब एवढं मला लिहून कळवा. दोघांपैकी कोणाकडे जायचं ते त्यावरून मोकळेपणाने सांगेन.